यंत्राची कचरापेटी आणि सफाई कामगाराचा हात

१

मराठवाड्यातील एका शहरात पहाटे साडेपाचच्या सुमारास मी सफाई कामगारांच्या एका टोळीबरोबर हिंडत होतो. बरोबर महाविद्यालयातील पाच-सहा विद्यार्थी होते. कामगारांशी बोलावे, त्यांचे काम प्रत्यक्ष पाहावे आणि त्याची नोंद करावी, एवढाच हेतू होता. एका चौकात हिरव्या प्लास्टिकच्या दोन मोठ्या पेट्या उभ्या होत्या. प्रत्येकीला चार चाके, दोन्ही अंगांना बाहेर आलेली एकेक जाड खुंटी आणि वर झाकण. एकीचे चाक निखळले होते, म्हणून ती कलली होती. त्या कललेल्या पेटीत एक माणूस गुडघाभर कचऱ्यात उभा राहून फावड्याने घमेले भरत होता. खाली उभी असलेली बाई ते घमेले डोक्याच्या वर उचलून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतल्या दुसऱ्या बाईच्या हाती देत होती. घमेल्यातले पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होते.

काम थोडे थांबल्यावर मी तिला विचारले, "मावशी, या खुंट्या कशासाठी आहेत?"

"गाडीनं उचलायसाठी हायेत म्हणं, सर."

"मग गाडी कुठे आहे?"

"गाडी कवाच बंद पडली. आता आमीच गाडी."

विद्यार्थ्यांनी हे उत्तर वहीत लिहून घेतले. मला मात्र त्या खुंटीचा माग काढावासा वाटला. जी वस्तू यंत्राने उचलावी म्हणून घडवली गेली, ती रिकामी करण्यासाठी माणूस तिच्या पोटात का उतरतो? पेटी आली आणि गाडी बंद पडली, हा केवळ योगायोग म्हणायचा काय? आणि गाडी चालू असती, तर या मावशीचे काय झाले असते? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधताना जे हाती लागले, ते कार्यकर्त्यांपुढे, शिक्षकांपुढे आणि विद्यार्थ्यांपुढे मांडावे, म्हणून हा लेख.

२

प्रथम पेटीचे तंत्र समजून घेतले पाहिजे. आपल्याकडे नगरपालिकेच्या कारभारातील तांत्रिक बाजू साहेबांची आणि ठेकेदारांची, मोर्चा आणि निवेदन मात्र आपले, अशी एक वाटणी होऊन बसली आहे. ती आपल्याच तोट्याची आहे.

यंत्राने उचलायच्या पेट्या मुख्यतः तीन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार लोखंडी कंटेनरचा. साधारण तीन ते साडेचार घनमीटर मावणारी ही पेटी रस्त्याकडेला ठेवतात. दोन लोखंडी बाहू असलेली गाडी येते, बाहूंना लटकणाऱ्या साखळ्या पेटीच्या कड्यांत अडकवतात आणि भरलेली पेटी उचलून गाडीच्या पाठीवर बसवतात. तिच्या जागी रिकामी पेटी ठेवतात. आपल्या शहरांतून या गाडीला 'डंपर प्लेसर' म्हणतात. या पद्धतीत कचरा पेटीसकट जातो, म्हणून मधे कोणी त्याला हात लावण्याचे कारण उरत नाही.

दुसरा प्रकार चाकांच्या प्लास्टिक पेटीचा. दोन चाकांची पेटी १२० किंवा २४० लिटरची असते, चार चाकांची बहुधा ११०० लिटरची. हिला ओढत गाडीच्या मागे नेतात. गाडीच्या मागच्या बाजूला फणीसारखे दात असलेली एक पट्टी असते आणि पेटीच्या पुढच्या काठाखाली त्या दातांसाठी खाचा असतात. मोठ्या पेटीला दोन बाजूंच्या खुंट्या असतात. गाडीचे बाहू त्या खुंट्यांना धरतात. तेलाच्या दाबाने बाहू वर जातात, पेटी उलटी होते, कचरा गाडीच्या तोंडात पडतो आणि आतली पोलादी फळी तो दाबून पुढे ढकलते. पेटी परत खाली येते. मावशीने ज्या खुंटीकडे बोट केले, तिचे काम एवढेच.

तिसरा प्रकार पूर्ण स्वयंचलित. यात गाडीच्या कुशीतून एक हात बाहेर येतो, रस्त्याकडेची पेटी कवेत घेतो, उलटी करतो आणि परत ठेवतो. चालक आपल्या जागेवरून उठतही नाही. यापुढची पायरी म्हणजे जमिनीखालच्या नळीतून हवेच्या ओढीने कचरा नेणे. स्वीडनमधील सोलेफ्तिओ येथील रुग्णालयात १९६१ साली ही व्यवस्था प्रथम बसवली गेली. आपल्या देशात गुजरातमधील गिफ्ट सिटीच्या उंच इमारतींत ती आहे.

या सर्व प्रकारांत एक गोष्ट समान आहे. पेटी ही एकटी वस्तू नसते. ती एका जोडवस्तूचे अर्धे अंग असते. खाचा आणि दात, खुंटी आणि बाहू, कडे आणि साखळी ही जोडी जुळली, तरच पेटी आपले काम करते. पेटीचे माप आणि गाडीचे माप जुळावे म्हणून युरोपात ठरीव मानके आहेत. त्या मानकांत पेटी किती वजन पेलेल, हेही ठरवलेले असते. लिटरमागे ४०० ग्रॅम असा तो हिशेब आहे. म्हणजे २४० लिटरच्या पेटीत ९६ किलो, ११०० लिटरच्या पेटीत ४४० किलो.

आता आपल्या कचऱ्याकडे पाहू. युरोप-अमेरिकेतील घरचा कचरा पुठ्ठे, डबे, वेष्टने यांनी फुगलेला आणि हलका असतो. आपला कचरा म्हणजे भाजीची देठे, उसाचे चिपाड, उष्टे अन्न, झाडलोटीची माती, पावसाळ्यात त्यात मुरलेले पाणी. त्याचे वजन घनमीटरला साधारण ४०० किलोच्या आसपास, कित्येकदा त्याहून अधिक भरते. तेथे जी मर्यादा क्वचित गाठली जाते, ती आपल्याकडे रोज सकाळी ओलांडली जाते. मग चाक निखळते, खुंटी वाकते, काठ चिरतो. वाकलेली खुंटी बाहूत बसत नाही आणि पेटी गाडीच्या कामातून जाते. परंतु फेकून मात्र दिली जात नाही. ती चौकात तशीच उभी राहते, लोक तिच्यात कचरा टाकत राहतात, आणि तो काढायला माणूस लावला जातो.

उंचीचाही प्रश्न आहे. ११०० लिटरच्या पेटीचा काठ सुमारे सव्वा मीटर उंचीवर असतो. पाच फूट उंचीच्या बाईच्या तो छातीशी येतो. लोखंडी कंटेनरचीही तीच गत. झाडून गोळा केलेले घमेले एवढ्या उंच उचलून आत टाकायचे, तेही दिवसात पन्नास-साठ वेळा. लहान पोरे घरचा डबा घेऊन येतात, त्यांचा हात पुरत नाही, ती बाहेरच ओततात. बाहेरचा ढीग पुन्हा बाईनेच भरायचा. पेटी घडवणाऱ्याने गाडीच्या बाहूची उंची मोजली. झाडणाऱ्या बाईच्या खांद्याची उंची मोजण्याचे कोणाच्या मनात आले नाही.

३

या पेट्या आल्या कोठून, याचा इतिहास थोडा पाहिला पाहिजे, कारण त्या इतिहासात आपले सगेसोयरे भेटतात.

पॅरिस शहराचा प्रीफेक्ट युजेन पुबेल याने १८८३ साली हुकूम काढला की, प्रत्येक घरमालकाने कचऱ्यासाठी झाकणाचा डबा ठेवावा. १८८४ पासून तो अमलात आला. कुजणारा कचरा, कागद-चिंध्या, फुटकी भांडी व शिंपले असे तीन वेगळे डबे त्याला अपेक्षित होते. आजही फ्रेंच भाषेत कचऱ्याच्या डब्याला पुबेल याच्याच नावाने ओळखतात. पण या हुकमाविरुद्ध ओरड केली ती पॅरिसच्या चिंध्यावेच्यांनी. रस्त्यावरचा उघडा ढीग ही त्यांची भाकर होती. झाकण पडले आणि भाकर झाकली गेली. दीडशे वर्षांपूर्वीचा हा झगडा पुढे आपल्या दारातही येणार होता.

लोखंडी कंटेनर उचलणारी गाडी अमेरिकेतील टेनेसी राज्यातील नॉक्सव्हिल येथील डेम्प्स्टर बंधूंनी १९३० च्या दशकात आणली. चाकांची प्लास्टिक पेटी १९६८ साली इंग्लंडमधील स्लाव येथे तयार झाली, तीही एका कारखान्यातील कचरा इकडून तिकडे हलवण्यासाठी. घराघरांत ती पुढे गेली. आणि कुशीतून हात काढणारी गाडी १९६९ च्या सुमारास ॲरिझोना राज्यातील स्कॉट्सडेल शहराने वापरात आणली. तीन माणसांची टोळी जे काम करी, ते एक चालक करू लागला.

याच काळात, याच देशात, टेनेसी राज्यातील मेंफिस शहरी काय घडत होते? तेथील सफाई कामगार जवळजवळ सर्व काळे होते. घरांच्या मागच्या अंगणातून गळके टब खांद्यावर, डोक्यावर घेऊन ते गाडीपर्यंत येत. टबातले पाणी त्यांच्या अंगावर झरे. १ फेब्रुवारी १९६८ रोजी पाऊस कोसळत होता. इकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कामगार आडोशासाठी गाडीच्या मागच्या भागात शिरले. कचरा दाबणारी यंत्रणा अचानक सुरू झाली आणि दोघेही तिच्यात चिरडून मेले. त्यानंतर सुमारे तेराशे कामगारांनी संप केला. आम्हीही माणसे आहोत, एवढीच घोषणा त्यांनी गळ्यात अडकवली होती. त्या संपाला पाठिंबा देण्यासाठी आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिल १९६८ रोजी मेंफिसमध्येच हत्या झाली.

मेंफिसची गोष्ट मराठवाड्याच्या वाचकाला परकी वाटू नये. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आणि पुढे लातूरचे नगराध्यक्ष झालेले डॉ. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रो साहित्याची आणि संस्कृतीची ओळख मराठीला करून दिली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिनेही आपले नाव तिकडूनच घेतले. आपण त्यांच्या कविता वाचल्या, त्यांच्या घोषणा उचलल्या. त्यांच्या कचऱ्याच्या गाडीकडे मात्र आपले पुरेसे लक्ष गेले नाही. मेंफिसच्या गाडीला यंत्र होते. यंत्र असूनही दोन माणसे मेली, कारण ते यंत्र जुनाट होते, त्याची देखभाल नव्हती आणि ज्यांच्या जिवावर ते चालत होते, त्यांच्या जिवाला किंमत नव्हती. यंत्र आले म्हणजे माणूस आपोआप सुटतो, हा समज तेथेच खोटा ठरला होता.

४

आता आपल्या मुलखाकडे येऊ. १९९४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात बीड जिल्ह्यातील मामला गावी आणि पाठोपाठ सुरतेत प्लेगची साथ आली. शहरांच्या घाणीचा प्रश्न वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. १९९६ साली अलमित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. न्यायालयाने नेमलेल्या समितीचा अहवाल १९९९ मध्ये आला आणि त्यातून २००० सालचे घनकचऱ्याचे नियम निघाले. या नियमांनी सांगितले की, कचरा उघडा राहणार नाही अशी साठवणुकीची सोय करावी, ती हाताळायला सोपी असावी, जैविक कचऱ्याची पेटी हिरवी, पुन्हा वापरात येणाऱ्या कचऱ्याची पांढरी, इतर कचऱ्याची काळी असावी. आणि मुख्य म्हणजे, हाताने कचरा हाताळण्यास या नियमांनी मनाई केली.

पण त्या मनाईला एक शेपूट होते. अडचणींमुळे हाताने हाताळणे अपरिहार्यच असेल, तर ते योग्य काळजी घेऊन करावे. या 'अपरिहार्य' शब्दाने सगळा घात केला. खुंटी वाकली, अपरिहार्य. गाडीचे तेल संपले, अपरिहार्य. सुट्या भागांची मंजुरी अडकली, अपरिहार्य. आपल्या समाजव्यवस्थेत कोणत्या माणसांच्या बाबतीत सगळेच नेहमी अपरिहार्य असते, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगावयास नको.

नांदेड आणि लातूर ही दोन्ही शहरे या काळात वाढली. नांदेड-वाघाळा महानगरपालिका १९९७ साली झाली, लातूरची २०११ साली. २०११ च्या जनगणनेत नांदेडची लोकसंख्या साडेपाच लाख, लातूरची पावणेचार लाखांच्या वर होती. २००८ साली नांदेडला गुरू-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला; जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानातून रस्ते, पाणी, गटारे यांसाठी पैसा आला. शहर मोठे होते, तसा त्याचा कचराही मोठा होतो आणि तो दूर नेऊन टाकावा लागतो. नांदेडचा कचरा तुप्प्याला जातो, लातूरचा वरवंटीला. शहरातल्या पेटीची गोष्ट सांगताना या दोन गावांची नावे विसरता येत नाहीत. पेटी म्हणजे तुप्पा आणि वरवंटी यांच्याकडे जाणाऱ्या वाटेचे पहिले दार आहे.

या शहरांची घडण पाहा. लातूरची गंजगोलाई वर्तुळाकार आहे आणि तिला सोळा रस्ते येऊन मिळतात. हातगाड्या, भाजीवाल्या, हमाल, रिक्षा यांनी तो परिसर दिवसभर गजबजलेला असतो. नांदेडच्या जुन्या वस्तीत, इतवाऱ्याच्या बाजूला, गल्लीत दोन माणसे समोरासमोर आली, तर एकाने अंग चोरावे लागते. कुशीतून हात काढणाऱ्या गाडीला रस्त्याच्या कडेला मोकळी जागा लागते, पेट्यांमध्ये अंतर लागते, वर लोंबणाऱ्या तारा नसाव्या लागतात. ॲरिझोनाच्या सरळ, रुंद रस्त्यांसाठी घडलेली ती गाडी येथे गल्लीच्या तोंडाशीच थांबेल. आणि गल्लीच्या तोंडापासून आतल्या शेवटच्या घरापर्यंतचा कचरा कोण आणील?

पाण्याचाही विचार केला पाहिजे. ओला कचरा पडणारी पेटी नियमित धुवावी लागते, नाहीतर ती माश्यांचे घर होते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले. ज्या शहरात माणसाला प्यायला पाणी नाही, तेथे पेटी धुवायला कोठून येणार? न धुतलेल्या पेटीत उतरणाऱ्याच्या पायाला मात्र त्याची किंमत मोजावी लागते.

२०१४ साली स्वच्छ भारत अभियान आले, २०१६ पासून शहरांची स्वच्छतेची क्रमवारी लागू लागली आणि वारे उलट फिरले. शहर 'कुंडीमुक्त' करा, असा नवा मंत्र निघाला. चौकातल्या पेट्या उचलल्या गेल्या आणि घंटागाडी दारात आली. २००५ साली बाजारात आलेला, लोक ज्याला छोटा हत्ती म्हणतात, तो टेंपो या कामाला सोयीचा ठरला. त्याच्या हौद्यात ओला आणि सुका असे दोन कप्पे असतात, आणि मागचा हौदा तेलाच्या दाबाने उलटतो. म्हणजे पेटीच आता चाकांवर बसून दारोदार हिंडू लागली. यात सुधारणा नक्कीच आहे. चौकातला उकिरडा गेला, पेटीत उतरणे गेले. पण नीट पाहिले तर हौद्यावर एक माणूस उभा असतो. घरोघरच्या बादल्या तो वाकून घेतो, ओततो, परत देतो. लोकांनी वेगळा न केलेला कचरा तो चालत्या गाडीत, कित्येकदा उघड्या हातांनी, वेगळा करतो. २०१६ च्या नियमांनी गणवेश, हातमोजे, बूट, रेनकोट आणि मुखपट्टी कामगाराला मिळालीच पाहिजे, असे सांगितले. यांपैकी काय अंगावर असते आणि काय कागदावर, हे कोणत्याही सकाळी दारात उभे राहून पाहता येते.

५

येथे मूळ प्रश्नाला भिडले पाहिजे. आपण यंत्राच्या बाजूचे की विरुद्धचे?

१९४५ साली प्रसिद्ध झालेल्या, काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले याची झाडाझडती घेणाऱ्या ग्रंथात बाबासाहेबांनी गांधीवादावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्यात त्यांनी यंत्राच्या निंदेचा समाचार घेतला. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसत मिळाल्यावाचून मनाची वाढ होत नाही, ही त्यांची भूमिका होती. यंत्राने अनर्थ घडवले असतील, तर दोष यंत्राचा नसून त्याचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे. म्हणून समाजरचना बदलावी, असे त्यांनी मांडले. झाडूवाल्याच्या कामाची थोरवी गाऊन त्याला त्याच कामात बांधून ठेवण्याच्या वृत्तीवरही त्यांनी तेथे कठोर टीका केली. तेव्हा यंत्र नको, झाडूच बरा, असे म्हणण्याचा मार्ग आपल्याला मोकळा नाही. जे काम करताना माणसाला पेटीत उतरावे लागते, ते काम यंत्राने करावे, याबद्दल आपल्या मनात किंतू नसावा.

पण त्याच युक्तिवादाचा उत्तरार्धही तेवढाच महत्त्वाचा आहे. लाभ कोणाला? स्कॉट्सडेलमध्ये तीन माणसांचे काम एक करू लागला. उरलेल्या दोघांचे काय, हा प्रश्न तेथेही होता. आपल्याकडे हा प्रश्न जातीच्या रूपाने येतो. महाराष्ट्रात सफाईच्या कामात वाल्मीकी, मेहतर, मातंग आणि बौद्ध समाजांतील माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नोकरी मिळते. या तरतुदीने हजारो घरांत कायम पगार, भविष्यनिर्वाह निधी आणि निवृत्तिवेतन आणले, हे खरे. त्याच तरतुदीने बापाचा झाडू पोराच्या हाती दिला, हेही खरे. बी.ए. झालेला मुलगा वारसाने झाडूवर लागल्याची उदाहरणे प्रत्येक शहरात भेटतात. हक्क आणि बेडी एकाच धातूची असावीत, अशी ही अवस्था आहे.

यंत्र येते ते नेमके या कायम नोकरीच्या जागी. पण पालिका स्वतः गाडी घेऊन आपल्या कामगाराला चालक म्हणून शिकवते, असे सहसा घडत नाही. काम ठेक्याने जाते. गाडी ठेकेदाराची, पेटी ठेकेदाराची, माणसेही ठेकेदाराची. मात्र हौद्यावर उभा राहणारा माणूस त्याच वस्तीतून येतो. काम तेच, जात तीच. गेले ते कायमपण. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने या ठेकेदारीविरुद्ध अनेक वर्षे लढा दिला आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने २७०० कंत्राटी कामगार कायम झाले. मराठवाड्यातील कामगारांनी ही गोष्ट पाठ करून ठेवण्यासारखी आहे.

आता मावशीच्या उत्तराचा अर्थ पुरता लागतो. गाडी बंद पडल्यावर तिचे दुरुस्तीचे बिल लांबवता येते, कारण तिच्या जागी उभे करायला माणूस तयार असतो आणि तो स्वस्त असतो. ज्या देशात हाताने कचरा उचलायला जन्मानेच ठरलेली माणसे नाहीत, तेथे गाडी बंद पडली तर शहर तुंबते, म्हणून गाडी त्याच दिवशी दुरुस्त होते. आपल्याकडे शहर तुंबत नाही. जात ही या व्यवस्थेची राखीव गाडी आहे. ती कधी बंद पडत नाही, तिला तेल लागत नाही आणि तिच्या सुट्या भागांची निविदा काढावी लागत नाही. यंत्राला आपल्या शहरांत मूळ धरू न देणारे कारण मला तरी हेच दिसते. तंत्रज्ञ त्याला देखभालीचा अभाव म्हणतात.

६

या चर्चेत आणखी एका वर्गाचा विसर पडता कामा नये. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून जी कुटुंबे मुंबई-पुण्याकडे गेली, त्यांतील कित्येक बायका तेथे कागद, काच, पत्रा वेचून जगल्या. त्यांत बहुसंख्य दलित, विशेषतः मातंग आणि बौद्ध. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने त्यांना संघटित केले, ओळखपत्रे मिळवून दिली आणि पुढे 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या रूपाने घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम त्यांच्याच हाती आणले.

बंद पेटी आणि दाबणारी गाडी या बायकांच्या मुळावर येते. एकदा ओला-सुका कचरा एकत्र दाबला गेला की, त्यातील कागद भिजतो, काच फुटते, पत्रा चेपतो. विकण्यासारखे काही उरत नाही. पॅरिसच्या चिंध्यावेच्यांची ओरड हीच होती. पण म्हणून उघडा उकिरडा राहू द्या, अशी मागणी आपण करू शकत नाही. उकिरड्यावर वाकून जगण्याचा हक्क हा काही मागण्यासारखा हक्क नव्हे. लातूरमध्ये जनआधार सेवाभावी संस्थेने कचरावेचकांनाच घरोघरच्या संकलनात आणि वर्गीकरणात आणले. हा रस्ता विचार करण्यासारखा आहे. माल पेटीत पडण्यापूर्वी, घराच्या उंबऱ्यावर, वेचणारीच्या हाती आला, तर तो कोरडा आणि स्वच्छ असतो, त्याला भाव येतो आणि दाबणाऱ्या गाडीकडे कमी ओझे जाते. यंत्र आणि माणूस यांची वाटणी अशी करता येते की, जड, ओले आणि घाण ते यंत्राने उचलावे. पारख, वर्गीकरण आणि विक्री माणसाने करावी, आणि तिचा दाम त्यालाच मिळावा.

७

शेवटी कार्यकर्त्यांनी काय करावे, हे थोडक्यात सांगतो. आपल्या शहरात नवी पेटी किंवा नवी गाडी आली की, उद्घाटनाच्या नारळापाशी थांबू नये. माहितीच्या अधिकारात निविदेची प्रत मागावी आणि पुढील गोष्टी पाहाव्यात. जेवढ्या पेट्या घेतल्या, तेवढ्या उचलू शकतील इतक्या गाड्या आहेत काय? पेटीची खुंटी आणि गाडीचा बाहू एकाच मापाचे आहेत काय? आपल्या ओल्या कचऱ्याचे वजन धरून पेटीची मजबुती ठरवली आहे काय? देखभाल किती वर्षे आणि कोणाकडे? गाडी बंद पडल्यास किती तासांत दुसरी यावी, आणि न आल्यास ठेकेदाराला दंड किती? पेटीचा काठ झाडणाऱ्या बाईच्या हाताला पोचतो काय? गाडीवरचे चालक आणि मदतनीस पालिकेच्या कायम कामगारांतून शिकवून घेतले आहेत की बाहेरून आणले आहेत? कचरावेचक बायकांना या व्यवस्थेत कोणते स्थान दिले आहे?

यांतील एक प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. निविदेत कोठेतरी लिहिलेले असावे की, यंत्र बंद असताना हाताने पेटी उपसली जाणार नाही. ही अट घातली, तर गाडी दुरुस्त होण्याला वेग येईल, कारण मग कचऱ्याचा वास प्रथमच मोठ्या साहेबांच्या आणि मोठ्या घरांच्या नाकाशी पोचेल. 'अपरिहार्य' या शब्दाची पळवाट बंद करण्याचा दुसरा उपाय मला दिसत नाही.

शिक्षक मित्रांना एक विनंती. विज्ञानाच्या तासाला तेलाच्या दाबाचे तत्त्व शिकवताना कचऱ्याच्या गाडीचे उदाहरण घ्या. ज्या वस्त्यांतून ही मुले येतात, त्या वस्त्यांतील किती जणांच्या आई-बापांनी या बाहूंचे काम स्वतःच्या बाहूंनी केले आहे, हे त्यांना ठाऊक आहे. त्यांच्यातल्या एखादीने उद्या मराठवाड्याच्या कचऱ्याचे वजन धरून, आपल्या गल्लीची रुंदी मोजून, आपल्या आईच्या खांद्याची उंची लक्षात घेऊन पेटी घडवली, तर ती पेटी चौकात कललेली उभी राहणार नाही. तोवर त्या चौकातली मावशी रोज पहाटे साडेपाचला कामावर येतच असते. तिची गाडी केव्हा सुरू होणार, हे विचारण्याची जबाबदारी आपली आहे.